चंचीतले मणी

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात मी नोंदवहीचं काम बघतो. त्या दिवशी मात्र सकाळपासून सतरंज्या झटकत होतो. आण्णांची शोकसभा होती.

आण्णांचं नाव आमच्या पगारपत्रकावर कधीच नव्हतं. गावातलेच. रोज दहाच्या सुमाराला यायचे, बाकावर टोपी काढून ठेवायचे आणि शाळेची सहल दिसली की उठायचे. पोरांना आधी दम, मग गोष्ट. "दोन हजार वर्सांमागं एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय, पैठणपासून उगवतीला धा दिवसांच्या वाटंवर तगर म्हणून मोठं शहर हाय. इथलं कापड गाड्या भरून भडोचला जायचं. त्याला तेर ठाऊक, अन् तू इथं येऊन मोबाईल बघुलालास व्हय रं?"

हस्तिदंती बाहुलीपाशी ते जास्त रेंगाळायचे. तिच्यासारखीच एक मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईला सापडली, इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या शहरात. "ती सासरी गेली अन् जळाली. ही माहेरी ऱ्हायली," असं सांगून पोरींच्या रांगेकडं बघत बसायचे.

सभेत भाषणं झाली. इतिहासप्रेमी, निःस्वार्थी, वगैरे. आण्णांच्या पुढ्यात कुणी असं बोललं असतं तर ते उठून पाणी प्यायला गेले असते.

मला आठवत होता माझा पहिला पावसाळा. मोठा पाऊस झाला की पांढरीवरची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकडीवरची, माती धुऊन निघते आणि मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे उघडे पडतात. नवा होतो, शाबासकीच्या आशेनं मूठभर गोळा करून नेले.

"कुठं घावले?"

"टेकडीवर."

"टेकडीवर कुठं? कुठल्या अंगाला, किती वर?"

मी गप्प. त्यांनी मणी माझ्या हातात परत ठेवले. "मग आता माळ करून म्हशीच्या गळ्यात बांध."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेले आणि कुठला मणी कुठं उचलला ते आठवायला लावलं. सातांपैकी दोनच जागा सांगता आल्या.

सभा पांगल्यावर काकूंनी पदराखालून चंची काढली. तंबाखू सुटून जमाना झाला होता, चंची तेवढी राहिली होती. आजारपणात पांढरीवर जाणं होईना, तरी लेकाच्या खांद्याला धरून दोन खेपा केल्याच, त्यात हे सापडलेलं. प्रत्येक कप्प्यात एक मणी आणि एसटीच्या तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. 'उत्तरेश्वराच्या मागं, बांधाच्या वरल्या अंगाला, बाभळीपासून बारा पावलं.' बारावर काट मारून तेरा केलं होतं.

शेवटच्या कप्प्यातला मणी तांबड्या अकिकाचा. उजेडात धरला तर मधाचा थेंब. भोक दोन्हीकडून पाडायला घेतलेलं, पण मधे गाठ पडलेली नाही. कारागिरानं अर्ध्यावरच सोडलेला. म्हणजे बाहेरून विकत आलेला नव्हे, गावातच घडत होता. आण्णा आयुष्यभर ज्याबद्दल भांडत आले तो पुरावा, आणि त्या कप्प्यात चिठ्ठीच नाही!

मला खरंच राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो. नोंदवहीत 'सापडल्याचं ठिकाण' या रकान्यापाशी पेन थांबलं.

काकू बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "त्याची चिठ्ठी लिव्हली न्हाई त्यांनी. आमच्या न्हाणीचा पाया खांदताना घावला. लई वर्सं झाली."

"मग तेव्हाच का नाही दिला?"

"म्हनले, दिला तर सरकार न्हाणी उकरंल. नवी फरशी टाकली होती की."

मी लिहिलं : आण्णांचं घर, न्हाणीचा पाया. मग काकूंना विचारलं, मोरीपासून किती पावलं?