शनिवार-रविवारात मस्कत

शुक्रवारी ऑफिस आटोपून रात्री विमान पकडायचं आणि सोमवारी वेळेवर कामावर हजर व्हायचं, असं ठरवलं की परदेशातली फार थोडी शहरं हाताशी उरतात. ओमानची राजधानी मस्कत त्यातलं एक. मुंबईहून थेट विमानाने जेमतेम तीन तास, शिवाय तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणजे जाताना तेवढा वेळ पदरात पडतो. मी आणि माझी मावसबहीण डिसेंबरात जाऊन आलो.

जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं की ठिकाणांची यादी करण्याआधी तिथल्या वेळा समजून घ्या. मस्कतचा दिवस दोन तुकड्यांत चालतो. सकाळी शहर जागं असतं, दुपारी एकच्या सुमारास जुन्या बाजारातली बहुतेक दुकानं बंद होतात आणि चार-पाचनंतर पुन्हा उघडतात. शुक्रवारी तर सकाळपासूनच सामसूम असते. त्यामुळे जास्तीची रजा टाकून शुक्रवारी दिवसा पोहोचण्यात फारसं हशील नाही. आपला शनिवार-रविवार तिथे छान जमतो.

शनिवारची सकाळ सुलतान काबूस ग्रँड मशिदीला द्या, त्यात तडजोड नको. मुस्लिमेतर पर्यटकांना सकाळी ८ ते ११ एवढाच वेळ आत सोडतात आणि शुक्रवारी अजिबात नाही. आम्ही आठच्या ठोक्याला दारात होतो. साडेनऊनंतर टूरच्या बस येऊ लागतात आणि ती शांतता जाते. २००१ साली खुल्या झालेल्या या मशिदीला सुमारे तीन लाख टन भारतीय वालुकाश्म लागला आहे. मुख्य दालनात १४ मीटर उंचीचं झुंबर आहे आणि सगळे माना वर करून तेच बघत असतात. मला मात्र खालच्या गालिच्याने बांधून ठेवलं. सुमारे ७० मीटर लांब, ६० मीटर रुंद, वजन २१ टन, इराणी विणकरांनी चार वर्षं खपून हाताने विणलेला. पर्यटकांनी त्यावर पाय देऊ नये म्हणून वेगळी पट्टी अंथरलेली आहे. त्या पट्टीच्या कडेला उकिडवं बसून बघा. हिरव्या वेलीच्या एका पानात चार-पाच छटा आहेत आणि प्रत्येक छटेच्या गाठी वेगळ्या दिसतात. इतक्या बारकाईने केलेलं काम इतक्या मोठ्या आकारात मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

कपड्यांबाबत दारावर काटेकोर तपासणी होते. बायकांचे हात मनगटापर्यंत, पाय घोट्यापर्यंत आणि केस पूर्ण झाकलेले हवेत. पूर्ण बाह्यांचा सलवार-कमीज आणि मोठी, जाड ओढणी पुरते. झिरझिरीत ओढणी नको. पुरुषांनी फुलपँट घालावी.

दुपारच्या उन्हात राष्ट्रीय संग्रहालय. ते जुन्या मस्कतमध्ये अल आलम राजवाड्याच्या समोर आहे आणि दुपारी बंद होत नाही. सागरी इतिहासाचं दालन चुकवू नका. ऊन उतरलं की बाहेर या. राजवाडा बाहेरूनच बघायचा, पण त्याच्या दोन्ही बाजूंना कड्यांवर बसलेले मिरानी आणि जलाली हे किल्ले बघताना आपल्या वसईची आठवण येतेच. बांधणारे तेच, पोर्तुगीज. १५०७ मध्ये त्यांनी मस्कत घेतलं, १६५० मध्ये ओमानींनी त्यांना हुसकावलं. वसई आपल्याकडे यायला त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं गेली. इथूनच जवळ मोतीश्वराचं जुनं शिवमंदिर आहे. कच्छ-गुजरातच्या व्यापाऱ्यांचं या बंदराशी पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं आहे आणि १९७० पर्यंत ओमानात रुपया चालत होता, हे तिथे उभं राहिल्यावर पटतं.

संध्याकाळ मत्रा सूकमध्ये, म्हणजे मत्रा भागातल्या जुन्या बाजारात. लोबान घ्यायचा असेल तर इथेच, पण पहिल्याच दुकानात नको. खडे तळहातावर घेऊन उजेडात धरा. फिकट, हिरवट झाक असलेला, काचेसारखा आरपार दिसणारा खडा उत्तम. पिवळा-तपकिरी, आत कचरा असलेला स्वस्त. चांगला दुकानदार आपण विचारण्याआधीच निखाऱ्यावर एक खडा टाकून वास दाखवतो. भाव करायला हरकत नाही. ओमानी हलवा चाखून मगच घ्या, केशराचा आम्हाला जास्त आवडला.

रविवारी लवकर उठा आणि मत्राच्या मासळी बाजारात जा. स्नोहेट्टा या नॉर्वेच्या वास्तुरचनाकारांनी केलेली ही नवी इमारत २०१७ ची. ओट्यावर हातभर लांबीच्या सुरमया, त्यांच्या शेजारी कुपे, म्हणजे ट्यूना. कापणारे वेगळ्या बाजूला बसतात. त्यांचा सुरीचा हात इतका सफाईदार की बहीण अर्धा तास तिथून हलेना. तिथून समुद्राकाठच्या रस्त्याने चालत निघा आणि ऊन चढायच्या आत मत्रा किल्ल्यावर जाऊन या. रविवार तिथे कामाचा दिवस असल्याने गर्दी नव्हती. दुपारचं जेवण शहरातल्याच रुवी भागात. शाकाहारी मंडळींची तिथे उत्तम सोय होते.

वादी म्हणजे डोंगरातली ओढ्याची दरी. मस्कतबाहेरच्या वादी शाबला जावं का, असं बरेच जण विचारतात. जागा सुंदर आहे, पण गाडीने जायलाच दोनेक तास, मग होडी, मग तापलेल्या दगडांतून चाल, शेवटी पोहणं. पूर्ण दिवस जातो. दोनच दिवस असतील तर माझं मत स्पष्ट आहे: शहर नीट बघा, वादी पुढच्या खेपेला. पावसाचा अंदाज असेल तर तिकडे मुळीच जाऊ नका, लोंढा अचानक येतो.

पैशांचं गणित आधी पक्कं करा. एका ओमानी रियालचे १००० बैसा होतात, म्हणून किमती तीन दशांश स्थळांत लिहिलेल्या असतात. ०.३०० म्हणजे ३०० बैसा. एक रियाल दोनशे रुपयांहून जास्त पडतो, तेव्हा आकडा लहान दिसला म्हणून हात सैल सोडू नका. रस्त्यावरच्या टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवा, नाहीतर ॲपवरून बोलवा. व्हिसासाठी रॉयल ओमान पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरच अर्ज करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो.

राहायला मत्रा किंवा रुवी बघा. विमानतळाजवळ खोली स्वस्त मिळाली तरी रोजच्या टॅक्सीत ते पैसे जातात. परतीचं विमान रविवारी रात्री उशिराचं घ्या, म्हणजे सूकमध्ये राहिलेली खरेदी संध्याकाळी उरकता येते. हलवा मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात तपासणीला अडतो.