आमची वाटचाल : कुळागराच्या कडेची ऑर्किडं

2009 साली गोव्यातल्या सावईवेऱ्यात, वडिलांच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेच्या कडेला आम्ही डेंड्रोबियम ऑर्किडची 300 रोपं मांडली. शेजारी म्हणाले, पोफळी सोडून हे कसलं बांडगूळ आणलंस? सीतेची वेणी हे रानातलं ऑर्किड त्यांच्याच फणसावर दर उन्हाळ्याअखेर लोंबते आणि फणसाचं काही एक खात नाही, हे त्यांना सांगत बसलो नाही.

भांडवल माझं, हात आतेभावाचे. त्याच्याकडे एक जुनी कात्री होती. दर रोपानंतर तो तिचं पातं गॅसच्या ज्वाळेवर धरायचा आणि मी त्याची टर उडवायचो. मोझेक रोगाचा विषाणू रसातून, कात्रीवरूनच या कुंडीतून त्या कुंडीत जातो हे मला फार उशिरा कळलं. कात्री अजून तीच आहे, मूठ दोनदा बदलली. कुंडीत मातीचा कण नाही. नारळाची सोडणं, कोळसा, विटेचे तुकडे, एवढंच. सोडणं आठवडाभर पाणी बदलत भिजवा, तांबडं पाणी उतरलं पाहिजे, नाहीतर मुळं करपतात. नव्या मुलांना हे पटत नाही, त्यांना सगळं दोन दिवसांत हवं असतं.

मधली वर्षं बरी गेली.

2020 च्या टाळेबंदीत हॉटेलं बंद, मंडप बंद. सोनिया या डेंड्रोबियमच्या वाणाच्या जांभळ्या फुलांच्या दांड्या आम्ही कापून खतात टाकल्या. तेही सोसलं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. एका दिवसात शेडनेट फाटून शेजारच्या माडांत जाऊन अडकलं, लोखंडी खांब वाकले. दुरुस्तीला पैसे नव्हते, तोवर पाऊस लागला. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि आमच्या रोपांवर छप्पर नाही. पानं आधी उकडल्यासारखी पाणचट झाली, मग कुजका वास सुटला. सकाळी बुरशीनाशक मारायचं, दुपारी पाऊस धुऊन न्यायचा. कूज जिवाणूची, तिला बुरशीनाशक काय करणार? हे शहाणपण रोपं गेल्यावर आलं. साडेतीन हजारांतली चारशे वाचली.

त्याच दिवसांत किनाऱ्याकडच्या एका नर्सरीवाल्याने बाहेरून फुललेली रोपं आणून आम्ही रोपं द्यायचो त्या तिन्ही हॉटेलांत निम्म्या दराने घातली. फुलं गळली, रोपं बसली, आणि मॅनेजर मलाच ऐकवायला लागले की गोव्यात ऑर्किड टिकत नाही! बारा वर्षं टिकलेली रोपं ह्यांच्याच लॉबीत होती. वर त्याच्या जाहिरातीच्या पत्रकावर फोटो आमच्या शेडचा. डाव्या कोपऱ्यात आतेभावाची निळी बादली स्पष्ट दिसते. पत्रक मी कपाटात ठेवलंय, कोणाला बघायचं असेल तर दाखवतो.

मडगावच्या एक निवृत्त शिक्षिका पहिल्या वर्षापासून चवथीआधी कदंबाच्या बसने यायच्या, दोन कुंड्या न्यायच्या, घासाघीस कधी नाही. त्या वर्षी त्या रिक्षाने आल्या, मागे बारा कुंड्या. सगळ्या आमच्याच, जुन्या. "ह्यांची पिल्लं काढ रे बाबा, माझ्या कुंड्या मग सावकाश दे." आतेभाऊ आत निघून गेला, त्याला बोलता येईना. आजच्या आमच्या सोनियातली बरीचशी त्या कुंड्यांची संतती आहे. पिल्लाची मुळं बोटभर झाल्याशिवाय कांड्यावरून तोडू नका, घाई केली की पिल्लूही जातं. बाईंच्या कुंड्या दोन वर्षांनी परत केल्या, त्यांनी मोजून घेतल्या.

आता शेडनेटच्या वर 200 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद आहे. तो पहिल्याच दिवशी घालायचा होता, तेव्हा मला वाटलं खर्च वाचला.

गेल्या हंगामात त्याच नर्सरीवाल्याचा माणूस दारात उभा. लग्नाची ऑर्डर आहे, इथल्या हवेत मुरलेली 200 रोपं हवीत. किरकोळ ग्राहकाला सांगतो तोच दर सांगितला. आतेभाऊ मागून कोपराने ढोसत होता, थोडं कमी कर म्हणून. मी एक रुपया सोडला नाही. तो अजून त्यावरून कुरकुरतो.