मुरलेल्या तंत्रज्ञानाचा माणूस : गुन्पेई योकोई

‘कारेता गिजुत्सु नो सुइहेई शिको’ हा जपानी शब्दप्रयोग निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीतील अभियंते आणि गेम-निर्माते गुन्पेई योकोई यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे. ‘वाळलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार’ असा त्याचा शब्दशः अर्थ होतो आणि इंग्रजीतून तो आपल्यापर्यंत जवळपास असाच पोहोचतो. मला त्यातला ‘वाळलेले’ हा शब्द नेहमी खटकत आला आहे. जपानी अभियंते ‘कारेता’ म्हणतात ते सुकून निकामी झालेल्या वस्तूला नव्हे, तर भरपूर वापर होऊन जिचे सारे दोष उघड झाले आहेत, जिची किंमत खाली आली आहे आणि जिच्या वागण्याचा कारागिराला पुरता अंदाज आला आहे अशा गोष्टीला. मराठीत यासाठी लोणच्याच्या बरणीतून आलेला नेमका शब्द आहे : मुरलेले. योकोई यांची सगळी कारकीर्द या एका शब्दाच्या आधाराने समजून घेता येते, असे मला वाटते.

त्यांच्याविषयी लिहावेसे वाटण्याचे माझे कारण वैयक्तिक आहे. मी सांगलीजवळच्या एमआयडीसीत गेली सतरा वर्षे मेंटेनन्स विभागात काम करतो, आणि योकोई यांची सुरुवातही मेंटेनन्सनेच झाली. १९४१ साली जन्मलेल्या योकोई यांनी क्योतोच्या दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले आणि १९६५ मध्ये ते निन्टेन्डोत रुजू झाले. ही कंपनी तेव्हा व्हिडिओ गेमची नव्हती. १८८९ पासून ती क्योतोमध्ये ‘हनाफुदा’ हे फुलांच्या चित्रांचे पारंपरिक पत्ते बनवत होती, आणि ते पत्ते छापणारी यंत्रे चालू ठेवणे हे योकोई यांचे काम होते. यंत्रे नीट चालत असली की मेंटेनन्सच्या माणसाकडे वेळ उरतो, हे या विभागात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. योकोई त्या वेळात कारखान्यातल्या लेथवर स्वतःच्या करमणुकीसाठी वस्तू बनवत असत. जुन्या लिफ्टच्या जाळीदार दरवाजासारख्या एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्या जोडून त्यांनी लांब होणारा एक हात तयार केला होता. मुठी जवळ आणल्या की तो पुढे झेपावत असे आणि दूरची वस्तू पकडत असे. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी कारखान्यात फिरताना तो पाहिला आणि योकोई यांना कार्यालयात बोलावून घेतले. आता बोलणी बसणार अशा समजुतीने गेलेल्या योकोई यांना, ही वस्तू बाजारात विकता येईल अशी करून दे, असा आदेश मिळाला. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ या नावाने ती विक्रीला आली आणि तिचे १० लाखांहून अधिक नग खपले.

पुढच्या काही वर्षांत त्यांनी केलेल्या खेळण्यांपैकी १९६९ चा ‘लव्ह टेस्टर’ मला विशेष महत्त्वाचा वाटतो. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातांत एकेक धातूचा गोळा घ्यायचा, की यंत्रावरचा काटा ‘प्रेम’ दाखवतो. आतमध्ये शरीरातून जाणारा क्षीण विद्युतप्रवाह मोजण्याची व्यवस्था आहे, इतकेच. असा प्रवाह मोजणे हे विज्ञानाच्या प्रयोगशाळेत अनेक दशके चाललेले काम होते, पण योकोई यांनी त्याचा उपयोग अनोळखी मुलामुलींना हात धरण्यासाठी निमित्त मिळवून देण्याकरता केला. ‘आडवा विचार’ म्हणतात तो हाच. मराठीत ‘आडवा’ म्हटले की अडवणूक किंवा तिरकेपणा आठवतो, पण इथे तो अर्थ नाही. एखादे तंत्र आणखी वर, अधिक वेगवान आणि अधिक शक्तिमान दिशेने न नेता, आहे त्याच उंचीवरून शेजारच्या शेतात नेऊन लावणे, असा तो अर्थ आहे. योकोई यांचे हे वाक्य ‘स्वस्त भाग वापरा’ एवढ्या सल्ल्यापुरते आकुंचित करणारे लेख मी बरेच वाचले आहेत. स्वस्त भाग कोणीही वापरतो. खरी मेहनत दुसऱ्या अर्ध्यात आहे.

अपयशही लवकरच वाट्याला आले. शार्प या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या सौरघटांचा उपयोग करून त्यांनी प्रकाशाच्या बंदुका बनवल्या. खेळण्यांच्या रूपात त्या चालल्या, म्हणून १९७३ मध्ये निन्टेन्डोने ओस पडलेल्या बोलिंगच्या जागांमध्ये भव्य लेझर नेमबाजी केंद्रे सुरू केली. त्याच वर्षी तेलसंकट कोसळले, मागण्या रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात बुडाली.

‘गेम अँड वॉच’ची कल्पना शिंकान्सेन रेल्वेगाडीत सुचली. एक नोकरदार प्रवासी कंटाळा घालवण्यासाठी कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला योकोई यांनी पाहिला, आणि मोठ्या माणसालाही चारचौघांत लाज न वाटता खेळता येईल असे छोटे यंत्र असावे, असे त्यांच्या मनात आले. ही कल्पना यामाउचींपर्यंत कशी पोहोचली, ते योकोई यांनीच पुढे सांगितले आहे. एकदा अध्यक्षांच्या गाडीचा चालक आजारी पडला. गाडी डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली परदेशी होती आणि ती चालवण्याची सवय योकोई यांना होती, म्हणून त्या दिवशी सारथ्य त्यांच्याकडे आले. एका विभागाच्या प्रमुखाने नुसते चालक म्हणून जाणे त्यांना बरे वाटेना, तेव्हा काहीतरी कामाचे बोलावे म्हणून त्यांनी ही गोष्ट काढली. यामाउची फारसे काही बोलले नाहीत. मात्र त्याच दिवशीच्या बैठकीत ते शार्पच्या अध्यक्षांच्या शेजारी बसले होते, आणि थोड्याच दिवसांत शार्पची माणसे निन्टेन्डोत येऊन दाखल झाली. कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या किमतीच्या युद्धामुळे एलसीडी पडदे आणि चिप अतिशय स्वस्त झालेल्या होत्या आणि शार्पला त्यांच्यासाठी नवे काम हवेच होते. कॅल्क्युलेटरमध्ये आठचा आकडा जसा सात तुकड्यांनी बनतो, तशीच गेम अँड वॉचमधली माणसे, चेंडू आणि हात काचेवर आधीच कोरलेले असतात. यंत्र फक्त कोणता तुकडा केव्हा दिसावा ते ठरवते. एप्रिल १९८० मध्ये ‘बॉल’ हा पहिला खेळ आला आणि ही मालिका जगभर ४ कोटींहून अधिक खपली.

१९८२ मध्ये याच मालिकेतील घडी घालता येणाऱ्या ‘डाँकी काँग’साठी योकोई यांनी डाव्या अंगठ्याखाली बसणारे अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण बनवले. उभा दांडा (जॉयस्टिक) लावला असता तर यंत्र मिटलेच नसते. आज जवळजवळ प्रत्येक गेम कंट्रोलरवर जे दिशादर्शक बटण आढळते, त्याचा हा पूर्वज आहे.

त्यांच्यातला निर्माता तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. १९८१ च्या मूळ ‘डाँकी काँग’वर काम करणाऱ्या तरुण गेम-रचनाकार शिगेरू मियामोतोंवर देखरेख त्यांचीच होती. ‘मारिओ ब्रदर्स’च्या वेळी मारिओ कितीही उंचावरून पडला तरी त्याला इजा होऊ नये, असे योकोई यांनी सुचवले. मग खेळात राहिले काय, अशी शंका मियामोतोंना होती, पण अखेरीस त्यांनी ते मान्य केले. १९८६ मध्ये त्यांच्या विभागाने ‘मेट्रॉइड’ आणि ‘किड इकारस’ बनवले, आणि दोन्हींचे निर्माते योकोई होते.

एप्रिल १९८९ मध्ये १२,५०० येन किमतीचा गेम बॉय हा निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा गेम-संच आला तेव्हा त्याचा पडदा हिरवट होता, त्यावर चारच छटा दिसत आणि पडद्यामागे उजेड नव्हता. थोड्याच काळात अटारीचा लिंक्स आणि सेगाचा गेम गिअर रंगीत, उजळ पडदे घेऊन बाजारात उतरले. त्यांना सहा-सहा पेन्सिल सेल लागत आणि काही तासांत ते संपत. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून कितीतरी अधिक चालत असे. अमेरिकेत त्याच्यासोबत ‘टेट्रिस’ हा वरून पडणारे ठोकळे रचण्याचा खेळ दिला गेला, आणि ज्याला रंगाची गरजच नाही असा खेळ त्या पडद्याला मिळाला. गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत अवतार मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख नग विकले गेले. हे श्रेय एकट्या योकोई यांचे मानणे मात्र योग्य नाही. त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांनी पुढे सांगितले आहे की योकोई यांच्या मनात गेम अँड वॉचच्या जवळचे साधे खेळणे होते, तर दीर्घकाळ नवनवे गेम घेऊ शकेल असे खरेखुरे यंत्र व्हावे, हा आग्रह ओकादांनी धरला. मला हा तपशील योकोई यांना कमीपणा आणणारा वाटत नाही. हाताखालच्या माणसाचा आग्रह मान्य करणारे वरिष्ठ मी फार थोडे पाहिले आहेत.

गेम बॉयचा प्रोसेसर शार्पने बनवला होता आणि त्याची रचना इंटेलच्या ८०८० व झायलॉगच्या झेड८० यांच्या कुळातली आहे. हे मला फार उशिरा कळले, आणि त्या दिवशी झालेला आनंद मला अजून आठवतो. डिप्लोमाला असताना आम्हाला इंटेलच्या ८०८५ या प्रोसेसरचा ट्रेनर किट, म्हणजे सरावाचा संच, होता. बाजारात पेंटियम ४ असताना सत्तरच्या दशकातली चिप कशाला शिकवतात, म्हणून आम्ही सारेच नाराज असायचो. हेक्स कोड एकेक करून दाबायचा, एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्या ८०८५ चा पूर्वजही ८०८० च. म्हणजे ज्या कुळातील चिपला आम्ही कालबाह्य म्हणत होतो, त्याच कुळाने जगभरातल्या कोट्यवधी मुलांच्या हातात टेट्रिस दिले होते. आमच्या गावात गेम बॉय कोणाकडेच नव्हता. जत्रेत आणि एसटी स्टँडसमोरच्या दुकानांत मिळत असे तो ‘९९९९ इन १’ असे छापलेला ब्रिक गेम. त्याच्या पडद्यावरचे चौकोन गेम अँड वॉचप्रमाणेच काचेवर कायमचे बसवलेले असत, हे मी एक बंद पडलेला ब्रिक गेम उघडला तेव्हा पाहिले होते. त्यामागे कोणाची कल्पना आहे, हे ठाऊक नसतानाच.

जुलै १९९५ मध्ये आलेल्या व्हर्च्युअल बॉय या त्रिमिती चित्रे दाखवणाऱ्या निन्टेन्डोच्या गेम-यंत्राविषयी बोलताना लोक योकोई यांच्या तत्त्वाचाच पराभव झाला, असे म्हणतात. मला हे पटत नाही. त्या यंत्रातील लाल एलईडी मुरलेला होता; लाल रंग स्वस्त आणि कमी वीज खाणारा होता म्हणूनच निवडला गेला. प्रत्येक डोळ्यासाठी २२४ एलईडींची एक उभी ओळ आणि तिचे प्रतिबिंब झरझर हलवून अख्खे चित्र उभे करणारा आरसा, ही व्यवस्था मात्र एका अमेरिकी कंपनीकडून आलेली, घराघरांत कधीही न पारखलेली होती. डोक्याला बांधायचे यंत्र अखेरीस टेबलावर स्टँडवर ठेवून वाकून पाहायचे यंत्र झाले. मान अवघडणे आणि डोळे दुखणे या तक्रारी आल्या, जेमतेम ७ लाख ७० हजार नग खपले आणि वर्षभरातच ते बंद पडले. कच्चे लोणचे वाढले गेले, असेच मी म्हणेन.

ऑगस्ट १९९६ मध्ये योकोई निन्टेन्डोतून बाहेर पडले. त्यांना शिक्षा म्हणून घालवले गेले, अशी कथा आजही सांगितली जाते. त्यांनी स्वतः मात्र लिहून ठेवले आहे की पन्नाशीनंतर स्वतःच्या मर्जीचे काम करायचे, हे आधीपासूनच मनात होते. जाण्यापूर्वी गेम बॉय पॉकेट हे लहान आणि स्पष्ट पडद्याचे रूप त्यांच्याच विभागातून पूर्ण झाले होते. नंतर त्यांनी क्योतोमध्ये ‘कोतो’ ही छोटी संस्था काढली आणि बांदाई कंपनीसाठी नव्या हातातल्या यंत्राचे काम हाती घेतले.

४ ऑक्टोबर १९९७ रोजी होकुरिकु द्रुतगती महामार्गावर त्यांची गाडी एका ट्रकला किरकोळ धडकली. नुकसान पाहण्यासाठी ते खाली उतरले असताना मागून आलेल्या दुसऱ्या वाहनाची धडक बसून त्यांचा मृत्यू झाला. ते ५६ वर्षांचे होते.

बांदाईचे ते यंत्र ‘वंडरस्वान’ या नावाने मार्च १९९९ मध्ये बाजारात आले. किंमत ४,८०० येन, पडदा कृष्णधवल, उभे आणि आडवे दोन्ही प्रकारे धरता येणारे, आणि एकाच पेन्सिल सेलवर तासन्‌तास चालणारे. त्याच्यासोबत आलेल्या एका कोड्याच्या खेळाला योकोई यांच्या स्मरणार्थ ‘गुन्पे’ असे नाव दिले गेले. त्यात छोट्या तिरक्या रेषा असलेले चौकोन वरखाली सरकवून डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एक अखंड रेघ जुळवायची असते.