एचआयव्ही आत शिरला तरी पेशी गप्प बसत नाही

भाची बारावीला आहे, परवा एचआयव्हीचा धडा वाचता वाचता म्हणाली, मावशी, व्हायरस आत घुसल्यावर पेशी नुसती बघत बसते का गं? पुस्तक वाचून वाटतं खरं तसंच. पण नाही बसत, आणि मला त्यातलं सगळ्यात आवडतं प्रोटीन म्हणजे एपोबेक थ्री जी, मग काय, मी तासभर तिला तेच सांगत बसले.

एचआयव्हीचे जीन्स इनमिन ९, त्यातला एक व्हिफ. तो काढला की व्हायरस काही पेशींत मस्त वाढायचा आणि टी सेलसारख्या (या रोगप्रतिकारक पेशी) काही पेशींत अडकायचा. आता अडकणाऱ्या पेशींत काही कमी आहे की काही जास्त आहे? १९९८ मध्ये दोन्ही प्रकारच्या पेशी जोडून एक केल्या, तरी व्हायरस अडकलाच! म्हणजे आत अडवणारं कुणीतरी आहे. २००२ मध्ये ॲन शीही, मायकल मॅलिम यांच्या टीमने ते शोधलं, तेच हे एपोबेक थ्री जी, सीईएम नावाच्या पेशी आणि त्यांच्यापासूनच निघालेल्या सीईएम-एसएस यांची तुलना करून. पहिलीत होतं, दुसरीत नव्हतं.

आणि याची पद्धत बघा, ते त्याच पेशीत भांडत नाही, तयार होणाऱ्या नव्या व्हायरसमध्ये गुपचूप बसून पुढच्या पेशीत जातं, एकदम घरभेदी, आणि तिथे व्हायरस आरएनएवरून डीएनए बनवायला लागला की त्या नव्या डीएनएतल्या सी या अक्षराचा यू करत सुटतं. मग जिथे जी हवा तिथे ए येतो, असं इतक्या ठिकाणी की व्हायरस निकामी. व्हिफ हेच टाळतो, तो पेशीचीच कचरा काढायची यंत्रणा वापरून एपोबेकवर युबिक्विटिनचा, म्हणजे 'हे टाकून द्या' असा, शिक्का मारतो आणि प्रोटिएझोममध्ये, पेशीच्या प्रोटीन तोडणाऱ्या यंत्रात, त्याचे तुकडे होतात.

टेदरिन या पेशीच्याच दुसऱ्या प्रोटीनचंही तसंच, ते बाहेर पडणाऱ्या व्हायरसला पेशीच्या पडद्याला बांधून ठेवतं, तर एचआयव्हीचा व्हीपीयू त्यालाच हटवतो. व्हिफ, व्हीपीयू, व्हीपीआर, नेफ या जीन्सना ॲक्सेसरी, म्हणजे जोडीचे, म्हणतात, मला हे नाव अजिबात पटत नाही, ९ पैकी ४ जीन्स व्हायरस उगाच सांभाळेल का?

मग व्हिफला अडवणारं औषध आहे का, तिने लगेच विचारलं. दवाखान्यात मिळेल असं अजून नाही. एआरटीतली, म्हणजे एचआयव्हीवरच्या नेहमीच्या उपचारातली, बहुतेक औषधं व्हायरसच्या एन्झाइमना अडवतात, एपोबेकला मोकळं सोडणारं काही आलेलं नाही, ते यावं असं मला फार मनापासून वाटतं.