नावावरून नाही, बोटीच्या नंबरावरून

मला एका ब्रिटिश मालवाहू आगबोटीवरच्या खलाशाचा माग काढायचा होता. काळ 1890 च्या दशकाचा. नाव ठाऊक होतं, पण नुसत्या नावाने काही हाती लागत नाही. प्रत्येक बोटीवरच्या माणसांच्या नोंदी असलेल्या सरकारी खलाशी-याद्या, 1915 सारखी मोजकी वर्षं सोडली तर, बहुतेक नावांनुसार शोधता येत नाहीत, त्या बोटीच्या अधिकृत नंबराप्रमाणे लावलेल्या असतात. 1854 च्या मर्चंट शिपिंग अ‍ॅक्टमुळे हे नंबर आले. बोट विकली गेली, नाव बदललं, नोंदणीचं बंदर बदललं, तरी नंबर तोच. माझ्या बोटीच्या नावाच्या आणखीही बोटी होत्या. मर्कंटाइल नेव्ही लिस्ट या ब्रिटिश व्यापारी बोटींच्या छापील यादीत टनेज आणि मालक ताडून नंबर पक्का केला.

पुढचा घोळ वेगळाच. सगळे गठ्ठे सांभाळणं सरकारला झेपेना, म्हणून त्यांची वाटणी झाली. दहा टक्के नमुना लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजकडे राहिला. 5 ने संपणाऱ्या वर्षांचे उरलेले कागद ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमकडे गेले. काही स्थानिक दफ्तरखान्यांनी उचलले आणि बाकीचे, म्हणजे एकूण साठ्याच्या सुमारे सत्तर टक्के, थेट कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीत पोचले. बोटीपेक्षा तिचे कागदच जास्त फिरले म्हणायचे! नंबर आणि वर्ष कळवून, शुल्क भरून तिथून प्रती मागवल्या. वय, जन्मगाव, आधीची बोट, पगार, कुठे आणि का उतरला, सगळं एका ओळीत.

बोटीच्या मालक कंपनीचे कागद मात्र वाचनालयात बसूनच पाहावे लागले. पी अँड ओ किंवा क्युनार्डसारख्या बड्या कंपन्यांचे संग्रह प्रसिद्ध आहेत. ही कंपनी लहान, त्यामुळे सूचीत फक्त 'पत्रांच्या नकलवह्या' एवढीच नोंद. पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल चालते. नकलवही म्हणजे झिरझिरीत कागदांची जाड वही. ओलसर पान ताज्या शाईच्या पत्रावर ठेवून प्रेसमध्ये दाबत. ठसा उलटा उमटे, तो पातळ पानातून पलीकडून सुलटा वाचायचा. जेम्स वॉटने 1780 साली याचं पेटंट घेतलं होतं. शाई इतकी विटलेली आणि पुढच्या पानावरचं अक्षर असं आरपार दिसतं, की आधी मला एक शब्द लागेना. तिथल्या बाईंनी पानामागे कोरा पांढरा कागद सरकवून दिला आणि ओळी सुट्या झाल्या. हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नव्हतं. वहीच्या सुरुवातीला पत्र कोणाला गेलं त्याची सूची असते; कप्तानाचं नाव तिथेच सापडलं.

पण नकलवहीत फक्त गेलेली पत्रं. मालक कप्तानाला कोळशाच्या खर्चावरून झापतो, त्यावर कप्तान काय म्हणाला ते तिथे नाही. त्याचे खासगी कागद दुसऱ्याच संग्रहात, घराण्याच्या नावाखाली आहेत. ते दान दिलेले नाहीत, नुसते ठेवायला दिलेत, त्यामुळे वंशजांची लेखी परवानगी लागते. अर्ज धाडलाय.