आमची वाटचाल: गाण्यातल्या माणसांना संवाद नसतात

२०१४ साली मी आणि माझ्या मावसभावाने सांगलीत लग्नाच्या शूटिंगपासून सुरुवात केली. एक कॅमेरा, दोन लाइट, तेही भाड्याचे. पुढे ओळखीतल्या एका गायकाने गाणं दिलं आणि आम्ही म्युझिक व्हिडिओकडे वळलो.

ते पहिलं गाणं फसलं. नट नाटकातला, चांगला. पण गाण्यात 'डोळे' आलं की डोळ्यांकडे बोट, 'काळीज' आलं की छातीवर हात. शब्द सांगत होते तेच हात पुन्हा सांगत होते. त्या पोराचं स्वतःचं काही दिसेचना. चूक आमची होती, त्याला थांबवायला हवं होतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे 'सीतास्वयंवर' नाटक केलं, तेव्हापासून आमच्या गावाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय, आणि तिचा मला अभिमान आहे. क्लोजअपमध्ये मात्र भुवई जराशी हलली तरी पडदाभर होते.

नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा: आंगिक म्हणजे अंगाच्या हालचाली, वाचिक म्हणजे बोलणं, आहार्य म्हणजे कपडे-रंगभूषा, सात्त्विक म्हणजे आतून उमटणारा भाव. गाण्यात वाचिक गायकाकडे जातं. उरलेल्या तिघांवर चार मिनिटांत माणूस उभा करायचा.

ते जमलं एका बापाच्या गाण्यात. लेक नोकरीला पुण्याला निघालीय, एसटी यायचीय. पाठवणीच्या वेळी बाप रडत नाही, बॅगा मोजत बसतो, हे आम्ही कितीतरी लग्नांत कॅमेऱ्यातून पाहिलं होतं. बापाच्या कामाला मार्केट यार्डातले एक हमालकाका घेतले. आयुष्य हळदीची पोती उचलण्यात गेलेलं. शर्ट इस्त्रीचा दिला, चपला त्यांच्याच रोजच्या ठेवल्या. सांगितलं एवढंच, "काका, पिशवीची सुतळी नीट बांधा." त्यांनी गाठ मारली, ओढून बघितली, सोडली, परत मारली. लेकीकडे बघितलंच नाही.

स्लो मोशनचंही तसंच शिकत गेलो. सेटवर गाणं दुप्पट वेगाने लावायचं, सेकंदाला ५० फ्रेमने शूट करून २५ वर चालवायचं, म्हणजे ओठ जुळतात. पण त्या घाईत ओठ गाठता गाठता नटाचा चेहरा आखडतो. म्हणून आता असल्या शॉटमध्ये आम्ही कुणाला गायलाच लावत नाही.

एडिट झालं की आवाज बंद करून आधी आईला दाखवतो. काकांचा शॉट बघून ती म्हणाली, "ह्या माणसाचा रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही."