1:10 म्हणजे नक्की किती? आम्ल पातळ करतानाचा माझा अनुभव

0.1 नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं एकक) हायड्रोक्लोरिक आम्ल हवं होतं. 1 नॉर्मलचा साठा तयार होता आणि टायट्रेशनने, म्हणजे वजन केलेल्या पदार्थाशी पूर्ण प्रक्रिया व्हायला किती आम्ल लागतं ते मोजून, तपासलेलाही होता. कार्यपद्धतीच्या कागदावर एवढंच लिहिलेलं: ‘साठा 1:10 पातळ करा.’ त्याप्रमाणे 10 मिली आम्लात 100 मिली पाणी घातलं.

तपासायला 0.1325 ग्रॅम सोडियम कार्बोनेट घेतलं, तर 0.1 नॉर्मल आम्ल 25.0 मिली लागायला हवं. लागलं 27.5. पुन्हा केलं, पुन्हा 27.5. म्हणजे आम्ल 0.0909 नॉर्मलच भरत होतं.

इथून सगळा वेळ गेला. पहिला संशय कार्बोनेटवर. पण ते दमट असतं तर वजनात पाणी मोजलं गेलं असतं, आम्ल कमी लागलं असतं. इथे तर जास्त लागत होतं. साठा ज्या पिपेटने (मोजमापाच्या नळीने) घेतला तिच्या टोकाशी राहणारा थेंब फुंकून काढला असता तरी आम्ल तीव्र झालं असतं, सौम्य नाही. पिपेट पाण्याने धुऊन आम्लाने खळबळली नाही तर द्रावण सौम्य होतं खरं, पण त्या एखाद-दुसऱ्या थेंबाने 9 टक्के फरक पडत नाही. आणि दोन्ही वेळा नेमकी तीच चूक? हाताची चूक पुढे-मागे होते. एकाच आकड्यावर अडून बसणारी चूक हिशोबातली असते.

होतीही तशीच. 10 आणि 100 मिळून 110 मिली होतात. साठा दहापट नव्हे, अकरापट पातळ झाला होता. 1 भागिले 11 म्हणजे 0.0909. C₁V₁ = C₂V₂ (C तीव्रता, V आकारमान) या सूत्रातलं V₂ हे पातळ झाल्यानंतरचं एकूण आकारमान आहे, घातलेलं पाणी नव्हे. ‘1:10’ चा अर्थ कुणी 1 भागात 10 भाग पाणी असा घेतो, कुणी एकूण 10 भाग असा. ज्या कागदावर हे स्पष्ट नाही तो कागद अपुरा आहे, असं माझं ठाम मत आहे. ‘10 मिली साठा पिपेटने 100 मिलीच्या फ्लास्कमध्ये, खुणेपर्यंत पाणी’ असंच लिहावं. टप्प्याटप्प्याने पातळ करताना ही चूक वाढत जाते: दोन टप्प्यांत 1/100 ऐवजी 1/121, तीन टप्प्यांत 1/1000 ऐवजी 1/1331.

साठा करतानाचंही सांगायला हवं. तीव्र आम्लाच्या बाटलीवरचे 37 टक्के वजनाचे असतात. घनता मिलीला 1.18 ग्रॅम धरली तर लिटरमध्ये 1180 ग्रॅम द्रावण, त्यात 436.6 ग्रॅम आम्ल; भागिले 36.46 (या आम्लाचा रेणुभार), म्हणजे सुमारे 12 नॉर्मल. घनता विसरलात तर 10.1 येतं. लिटरभर 1 नॉर्मलला साधारण 83.5 मिली लागतं. उघडलेल्या बाटलीतून वायू उडून जातो, त्यामुळे हा आकडा अंदाजाचाच. टायट्रेशन टाळू नका. हे तीव्र आम्ल पाण्यात ओतायचं, उलट कधीच नाही. द्रावण गार झाल्यावरच खुणेपर्यंत भरा आणि फ्लास्क दहा-पंधरा वेळा उलटासुलटा करा.

चुकलेलं द्रावण ओतून टाकायची गरज नाही. बाटलीवर 0.0909 लिहा आणि हिशोबात तोच आकडा धरा. नेमकं 0.1 च हवं असेल, तर अख्ख्या 110 मिलीत 1 नॉर्मल साठा 1.11 मिली घाला आणि पुन्हा टायट्रेट करा.